हिरव्या पाटीखालची वाट

११ ऑक्टोबर २०२३ रोजी सोमाजींना १४,३५० रुपये मिळाले. पस्तीस दिवसांची मजुरी, दिवसाला चारशे दहा. या पस्तीस दिवसांत त्यांनी कोंढवाडीच्या डोंगरावरच्या चार वाटा दाखवल्या, त्यांवर माजलेली झुडपे तोडली, पावसात घरंगळून आलेले दगड बाजूला केले आणि साडेअकरा किलोमीटर लांबी चालण्याजोगी करून दिली. पावतीवर कामाचे वर्णन ‘किरकोळ साफसफाई’ असे आहे. पावती मी लिहिली. समितीत तसेच ठरले होते म्हणून लिहिली. आज मी तसे लिहिणार नाही.

कोंढवाडी ही घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेली चाळीस घरांची वाडी. वर पठार आहे. निम्म्या भागात हिरड्याची दाट झाडी आणि उरलेल्या भागात उघडा माळ, कातळ आणि गवत. पुण्याच्या बाजूच्या एका कारखान्याने आपल्या सामाजिक निधीतून या पठारावर डोंगरी सायकलींसाठी वाटा करायचे ठरवले. नवशिक्यापासून तरबेजापर्यंत सर्वांना चालवता येतील अशा चार वाटा, प्रत्येकीला रंगाची पाटी. हिरवी सगळ्यात सोपी, मग निळी, मग लाल आणि काळी सगळ्यात अवघड. गावाला रोजगार मिळेल, शहरातली माणसे रविवारी येतील, भाकरी-पिठले विकले जाईल. कल्पना चांगली होती. मी आजही ती वाईट म्हणत नाही. ग्रामसभेने ठराव केला, सात जणांची समिती झाली. रस्त्याकडेला मोठे हॉटेल चालवणारे दादाभाऊ अध्यक्ष झाले. हिशेब लिहिणारा कोणीतरी हवा म्हणून घोडेगावच्या पतसंस्थेतून मला घेतले.

सोमाजी समितीत नव्हते. त्यांना घ्यावे असे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही.

त्या वेळी त्यांचे वय चौसष्ट होते. दीड एकर भात, थोडी नाचणी, हिरड्याची अकरा झाडे आणि दोन म्हशी. घरी बायको बायडाबाई आणि धाकटी मुलगी जया. जया घोडेगावला कॉलेजात शिकते. सोमाजींना सही करता येते, वाचता येत नाही. पण या भागातल्या दहा-बारा वाड्यांत त्यांना एका गोष्टीसाठी मान होता. वाट त्यांना विचारायची. लग्नाचे सामान कुठून न्यावे, पावसात ओढा कुठे उतार देतो, आजारी माणसाला डांबरी रस्त्यावर कुठून काढावे, हे सगळे लोक त्यांना विचारत आणि त्यांनी सांगितले की दुसऱ्या कोणाला विचारत नसत. तरुणपणापासून त्यांनी डोली खांद्यावर घेतली होती. किती माणसे उतरवली हे त्यांनी कधी मोजले नव्हते. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाले, “मोजून काय करायचं? जी वाचली ती भेटत्यात, जी न्हाई वाचली ती बी सपनात भेटत्यात.” म्हणाले आणि म्हशीला दावे बांधायला गेले.

त्यांच्याजवळ विकण्यासारखे काही नव्हते. वाटेबद्दलचा शब्द होता. तो आजवर खोटा ठरला नव्हता.

आता त्या चार वाटांबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. डोंगरावरच्या लोकांनी वाटांना नावे ठेवली आहेत, ती त्या वाटेवरून काय जाते यावरून. भाऱ्याची वाट, पाण्याची वाट, शेळ्यांची वाट, गुरांची वाट. भाऱ्याच्या वाटेने हिरड्याची पोती डोक्यावर घेऊन माणसे खाली उतरतात. ही वाट आखूड आणि उभी आहे. खडकात टप्पे खोदून पायऱ्या केलेल्या आहेत आणि मध्ये तीन ठिकाणी छातीएवढे उंच दगड रोवलेले आहेत. डोक्यावरचे पोते कोणाची मदत न घेता त्या दगडावर टेकायचे, दम खायचा, पुन्हा डोके खाली घालून उचलायचे. कोणी कधी रोवले ते कोणाला माहीत नाही. गुरांची वाट याच्या अगदी उलट. डोंगराच्या कुशीने वळसे घेत, झाडीतून माळावर आणि माळावरून पुन्हा झाडीत, साडेचार किलोमीटर हळूहळू उतरते. गाय कधी उभ्या चढाने जात नाही, तिने स्वतःच आखलेली ती वाट आहे.

ऑगस्टच्या अखेरीला सल्लागार संस्थेचा माणूस पाहणीला आला. भरत त्याचे नाव. पाऊस चालू होता. त्याने अर्धा किलोमीटर चालून पाहिले, बूट चिखलात रुतल्यावर परत आला आणि देवळाच्या ओट्यावर बसून हातातल्या पडद्यावर नकाशा उघडला. आम्ही पाच-सहा जण भोवती होतो. त्याने सोमाजींना वाटांच्या जागा विचारल्या, त्यांनी एकेक दाखवली. मग त्याने विचारले, “बाबा, यातली सगळ्यात सोपी कोणती?”

“भाऱ्याची,” सोमाजी लगेच म्हणाले.

“आणि सगळ्यात अवघड?”

“गुरांची. तिच्यावरनं कोण जातंय? लई लांब. डोक्यावर पोतं आसलं तर मान मोडून हातात येती. टेकायला एक दगड न्हाई.”

भरतने गुरांच्या वाटेपुढे ‘सगळ्यात अवघड’ असे टिपले. पोते, मान आणि दगड टिपले नाहीत. मी शेजारी बसलो होतो, माझ्याही डोक्यात काही आले नाही. सायकल पायऱ्यांवरून कशी उतरेल, हा प्रश्न ओट्यावरच्या एकाही शिकलेल्या माणसाला पडला नाही. सोमाजींनी तर डोंगरी सायकल पाहिलेलीच नव्हती. त्यांना वाटले होते, पुण्याची माणसे सायकल डोक्यावर घेऊन डोंगर चढणार-उतरणार. यात त्यांना नवल वाटले नाही. जुन्नरच्या गडांना दोर बांधून, नीट पायवाट शेजारी असताना कड्यावरून चढणारी माणसे त्यांनी पाहिली होती. ज्याला कड्यावरून चढायची हौस, त्याला सायकल डोक्यावर घ्यायची हौस असू शकते. आणि डोक्यावर ओझे असेल तर भाऱ्याची वाट सगळ्यात सोपी, हे शंभर टक्के खरे आहे.

त्या पाहणीचे आणि आराखड्याचे सल्लागार संस्थेला तीन लाख चाळीस हजार मिळाले. एवढ्या पैशात एक माणूस एक सायकल घेऊन एक दिवस पाऊस उघडल्यावर त्या चार वाटांवरून जाऊ शकला असता. कोणी गेले नाही.

ऑक्टोबरमध्ये पाट्या आल्या. लोखंडी खांब, वर रंगीत पत्रा, त्यावर सायकलचे चित्र. भाऱ्याच्या वाटेला वर आणि खाली हिरवी पाटी, ‘नवशिके व कुटुंबांसाठी’. गुरांच्या वाटेला तशीच वर आणि खाली काळी, ‘फक्त तरबेज सायकलस्वारांसाठी’. खांब सिमेंटमध्ये बसवले.

२९ तारखेला, रविवारी, अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली चार मुले सायकली घेऊन आली. उद्घाटनाआधी चालवून बघू म्हणून आपल्या हौसेने आली होती. दुपारी ती सोमाजींच्या अंगणात पाणी प्यायला थांबली. त्यातल्या एकाने विचारले, ही काळी पाटी कोणी लावली, हिच्यावरून माझी आजी डबलसीट जाईल. सोमाजींनी विचारले, मग हिरवी कशी आहे?

“हिरवीवर आम्ही सायकलवर नव्हतो बसलो, आजोबा,” तो म्हणाला. “सायकल आमच्यावर बसली होती.”

मुले हसली. बायडाबाईही हसल्या. सोमाजी हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला सायकल अंगणात चालवून दाखवायला लावली. चाक कसे फिरते, उंबऱ्यावरून कसे चढते, दगडापाशी हॅण्डल कुठे येते, हे वाकून पाहिले. मग मुलांबरोबर ते गुरांच्या वाटेवर गेले आणि एकाला पुढे सोडून मागून पळत पाहत राहिले. आपण काय सांगितले आणि त्याचे काय झाले, ते त्यांना त्या दुपारी कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते घोडेगावला आले. धुतलेली टोपी, हातात पिशवी. दादाभाऊंच्या हॉटेलात समितीची बैठक चालू होती, उद्घाटनाच्या जेवणाची. सोमाजी दारात उभे राहिले आणि बसा म्हणायच्या आत बोलले. चूक माझी आहे, मी ओझ्याच्या हिशेबाने सांगितले, सायकलीचा हिशेब वेगळा निघाला. हिरवी पाटी काढून गुरांच्या वाटेला लावा, काळी काढून भाऱ्याच्या वाटेला. बास, एवढेच काम आहे.

माझ्या उभ्या नोकरीत, चूक कोणी विचारायच्या आधी स्वतः एसटीचे तिकीट काढून सांगायला आलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दादाभाऊ म्हणाले, “सोमाजी, तुमी सांगितलं तेच लिवलं ना आमी?”

“व्हय. ते चुकलं म्हणून तर आलोय.”

मग दादाभाऊंनी अडचणी सांगितल्या. नकाशा कारखान्याकडे गेलेला, पत्रके छापलेली, पाट्यांचे फोटो वर पाठवलेले. मी म्हणालो, बदलायच्या पाट्या चारच आहेत, दोन तासांचे काम आहे. त्यांनी भरतला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. भरत म्हणाला, “काका, ग्रेडिंग आंतरराष्ट्रीय पद्धतीने केलंय. गावातला कोणीतरी म्हणतो म्हणून ते बदलता येत नाही.”

हे वाक्य मी त्याच दिवशी टिपणवहीत उतरवून ठेवले. गावातला कोणीतरी म्हणाला म्हणूनच ते ग्रेडिंग झाले होते. त्या माणसाचा शब्द घेताना त्याला विद्वान धरले, आणि तोच माणूस शब्द दुरुस्त करायला आला तेव्हा तो गावातला कोणीतरी झाला. मी हे त्या वेळी बोलायला हवे होते. मी वहीत लिहिले. उद्घाटन होऊ द्या, मग बघू, असे ठरले आणि पुढचा विषय जेवणात गुलाबजाम की जिलेबी हा होता. सोमाजी चहा न घेता गेले.

३ डिसेंबरला, रविवारी, पठारावर मांडव पडला. साठ-पासष्ट सायकलस्वार आले. पिकअप गाड्या त्यांना डोंगराच्या मागच्या बाजूने, चौदा किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याने वर आणत होत्या. खाली वाडीजवळ डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. सनई, नारळ, भाषणे. भाषणांत डोंगर, निसर्ग आणि भूमिपुत्र हे शब्द पुष्कळ आले. भूमिपुत्र त्या वेळी हिरव्या पाटीपाशी दोन्ही हात पसरून उभे होते.

येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, इथून जाऊ नका, पलीकडच्या काळ्या पाटीने जा, ती सोपी आहे. यावर कोण विश्वास ठेवील? पाटी छापील होती, रंग जगभर चालणारा होता आणि सांगणारा माणूस धोतर नेसलेला होता. निळा सदरा घातलेल्या एका स्वयंसेवकाने त्यांना म्हटले, “ए बाबा, लोकांना घाबरवू नको, हो बाजूला.” दादाभाऊंनी निरोप पाठवला, पाहुण्यांना पाणी द्यायला माणूस कमी आहे, तिकडे या. ते गेले, दोन जग पाणी वाटले आणि परत हिरव्या पाटीपाशी आले. पुन्हा नेले, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला दोघा पोरसवदा स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून मांडवामागे खुर्चीवर बसवले. चौसष्ट वर्षांच्या माणसाला, त्याच्याच डोंगरावर. मी पंगतीची व्यवस्था पाहत होतो. मी पाहिले आणि पंगतीची व्यवस्था पाहत राहिलो.

राखी नावाच्या बाई आळ्याहून आल्या होत्या. तिथल्या कापड दुकानदाराच्या घरच्या, वय बेचाळीस, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून वर्षभर रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या. डोंगरात पहिल्यांदाच. म्हणून त्यांनी शहाण्या माणसाने निवडावी तीच पाटी निवडली, हिरवी. सोमाजींनी त्यांनाही अडवले होते. त्यांनी पुढे मला फोनवर सांगितले, मला वाटले हे आजोबा वाट दाखवायचे पैसे मागतायत, म्हणून मी न बघितल्यासारखे केले. खोटे बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना मानतो.

पहिले सहा टप्पे त्या ब्रेक आवळून कशाबशा उतरल्या. सातव्यावर सायकल सुटली आणि हॅण्डल पोते टेकायच्या दगडावर आदळले. खांद्याजवळचे हाड मोडले, मनगट मोडले. किंकाळी मांडवापर्यंत आली तेव्हा भाषण चालू होते. वक्ते क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

मांडवामागच्या खुर्चीवरून सोमाजी उठले ते सरळ पायऱ्या उतरून बाईंपाशी. पिकअप दुसरी खेप आणायला गेलेली, आणि तो रस्ता मोडलेल्या हाडाच्या माणसाला न्यायचा नव्हताच. सोमाजींनी मांडवाचा एक बांबू काढायला लावला, सतरंजी बांधली आणि वाडीतल्या तिघांना हाक मारली. बाईंना आधी वर घेतले आणि तिथून गुरांच्या वाटेने खाली. मोडक्या हाडाला हिसका चालत नाही, म्हणून. काळ्या पाटीखालून, फक्त तरबेजांसाठी राखलेल्या त्या वाटेने, चार माणसे एका जखमी बाईला डोलीत घालून सव्वा तासात रुग्णवाहिकेपर्यंत घेऊन गेली. राखीबाई म्हणाल्या, वाटेत एकदाही दुखले नाही, मला मध्ये झोप लागली.

याबद्दल कोणी आभार मानले नाहीत, हे मी सोडून देतो. पुढे जे झाले ते सोडता येत नाही.

कारखान्याने अपघाताचा खुलासा मागवला. सल्लागार संस्थेने तो टाइप करून पाठवला आणि ९ डिसेंबरला कोंढवाडीच्या देवळात सोमाजींची सही घ्यायला बैठक बसली. कागद जयाने वडिलांना वाचून दाखवला. मुख्य वाक्य असे होते: ‘स्थानिक मार्गदर्शक सोमाजी यांनी वाटांच्या काठिण्याबाबत चुकीची माहिती दिल्यामुळे श्रेणी ठरवताना त्रुटी राहून गेली.’ जया थांबली तेव्हा सोमाजी म्हणाले, “पुढं?”

“पुढं काय नाय, बाबा. इथं तुमची सही.”

सोमाजी म्हणाले, “हे खरं हाये. मी चुकीचं सांगितलं व्हतं.”

सगळ्यांना हायसे वाटले. दादाभाऊंनी पेनाचे टोपण काढून पेन पुढे केले. सोमाजींनी ते घेतले नाही. “आता त्याच्या खाली लिवा,” ते म्हणाले, “की तीस तारखंला मी घोडेगावला येऊन पाट्या बदला म्हणून सांगितलं.”

“त्याची काय गरज हाये?”

“मंग माझ्या सहीची बी गरज न्हाई.”

दादाभाऊंनी समजूत घातली. यात कोणाला शिक्षा नाही, नुसता कागद आहे. दर रविवारी वाट दाखवायचे पाचशे रुपये सोमाजींनाच द्यायचे ठरले आहे, आता फाटे फोडले तर ते कसे जमणार? मी उठून सांगितले की ३० ऑक्टोबरला मी हजर होतो, सोमाजी आले होते, माझ्याजवळ तारखेनिशी टिपण आहे. दादाभाऊ म्हणाले, टिपण तुमच्या वहीत आहे, समितीच्या इतिवृत्तात नाही. हे खरे होते. इतिवृत्तात त्या दिवशीची गुलाबजामची नोंद आहे.

खुलासा सहीशिवाय गेला. त्यात एक वाक्य वाढवले होते: ‘संबंधितांनी तोंडी कबुली दिली आहे.’

एका माणसाने निम्मे सत्य आणि उरलेले निम्मे सत्य एकत्र लिहा म्हटले, तर त्याच्याकडून पहिले निम्मे उचलून घेतले आणि दुसरे टाकून दिले. यापेक्षा त्यांनी सरळ खोटे लिहिले असते तर मला कमी राग आला असता.

बातमी वाड्यांतून फिरायला चार दिवस लागत नाहीत. आणि फिरली ती कागदातल्यासारखी. सोमाजीने चुकीची वाट सांगितली, बाई पडली. एसटीच्या थांब्यावर त्यांना बघून कोणी म्हणू लागले, “सोमाजीला वाट इचारू नका राव, सरळ दवाखान्यात निघते.” लोक हसायचे, तेही थोडे हसायचे. पण वरच्या वाडीत लग्न होते, कपाट आणि पलंग डोंगरावर चढवायचा होता, तेव्हा विचारायला कोणी आले नाही. असे तीस-पस्तीस वर्षांत झाले नव्हते. बायडाबाईंनी मला सांगितले, ते लग्नाला गेले नाहीत, आणि आता थांब्यावरही बसत नाहीत. म्हशींकडे जातात आणि परत येतात.

२३ डिसेंबरला सोमाजी पुन्हा घोडेगावला आले. या वेळी समितीकडे नव्हे, माणिकचंद यांच्या हार्डवेअरच्या दुकानात. माणिकचंद यांचे आजोबा राजस्थानातून आले, ते स्वतः इथल्या शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होते. सोमाजींनी सिमेंटचे एक पोते मागितले, पैसे नंतर देतो म्हणाले. कोणाच्या कामाचे, असे माणिकचंद यांनी विचारले. “समितीच्या,” सोमाजी म्हणाले. “पर घेतोय मी.” पोते एसटीच्या टपावरून आले आणि थांब्यापासून त्यांनी ते डोक्यावर घेतले.

दोन दिवस ते आणि जया डोंगरावर होते, भर उन्हात, कोणीही यावे आणि बघावे असे. पहारीने चारही खांब उपटले. हिरव्या पाट्या गुरांच्या वाटेला रोवल्या, काळ्या भाऱ्याच्या वाटेला. पाणी खालच्या ओढ्यातून आणले. खांब ओळंब्यात आहे का ते सोमाजींनी दोरीला दगड बांधून पाहिले. काळ्या पाटीच्या खाली जयाने लाल रंगाने, एकसारख्या अक्षरांत लिहिले: ‘पायऱ्या आहेत. सायकल उचलून न्या.’

समितीने त्यांना नोटीस पाठवली. मालमत्तेत विनापरवाना फेरफार. त्याच नोटिशीची प्रत कारखान्यात गेली आणि तिथल्या कोणीतरी शहाण्या माणसाने विचारले, मग खरे काय आहे, चालवून बघा. जानेवारीत भरत आला. या वेळी सायकल घेऊन आला. चारही वाटांवरून गेला. सध्या लावलेली श्रेणी योग्य असल्याचे त्याने कळवले. नोटीस मागे घेतली नाही, पुढे रेटलीही नाही. फेरपाहणीचे बावीस हजारांचे बिल आले, ते समितीने मंजूर केले. त्यावर माझी सही नाही, अध्यक्षांची आहे. वार्षिक अहवालात लिहिले आहे: ‘सल्लागारांच्या फेरपाहणीनंतर मार्गांच्या श्रेणीत आवश्यक सुधारणा करण्यात आली.’ सोमाजींचे नाव अहवालात एकदाच आहे, अपघाताच्या परिच्छेदात.

आता दर रविवारी तीस-चाळीस सायकली येतात. हिरव्या वाटेने लहान मुले जातात, पन्नाशीच्या बायका जातात, मागे एकदा एक आंधळा तरुण मित्राच्या जोडसायकलवर मागे बसून गेला. त्यानंतर कोणी जखमी झालेले नाही. वाटा उत्तम आहेत. जो येतो तो तसे म्हणतो.

वाडीतून जाताना सायकलवाले सोमाजींच्या अंगणापाशी थांबतात. पाणी मागतात, मिळते. मग विचारतात, आजोबा, यातली सोपी कोणती? मी स्वतः तीनदा ऐकले आहे. ते मान वर करून त्या माणसाकडे आणि त्याच्या सायकलकडे नीट पाहतात आणि म्हणतात, “पाटीवर लिवलंय.” एवढेच. वरच्या वाडीतली माणसे आता पुन्हा विचारायला येऊ लागली आहेत, त्यांनाही ते हेच सांगतात, ज्यांच्या वाटेला पाटी नाही त्यांनाही. गेल्या पावसात ओढ्याला पाणी आले तेव्हा माणसे बराच वेळ काठावर उभी होती आणि सोमाजी दारात बसून होते. शेवटी जयाने जाऊन उतार दाखवला.

सिमेंटच्या पोत्याचा खर्च मी समितीपुढे ठेवला होता. अनधिकृत कामाचा खर्च देता येत नाही, असा शेरा मारून तो परत आला. मी स्वतः द्यायला गेलो. माणिकचंद म्हणाले, माल ज्याच्या नावावर गेला त्याच्याच हातून घेईन, तुमच्याकडून नाही. सोमाजी म्हणाले, काम समितीचे होते, समितीने द्यायचे.

माणिकचंद यांच्या दुकानात सोमाजींच्या नावावर तीनशे नव्वद रुपये बाकी आहेत.